तांब्याची तार ठेवावी की फायबर घ्यावे?

कोथरूडमधील आमच्या जुन्या सोसायटीत आजही काही घरांत टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच इंटरनेट येते. मी गेल्या वर्षी फायबर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून येणारे इंटरनेट, घेतले, तेव्हापासून शेजारच्या काकू आणि त्यांच्यासारखे अनेकजण बदलाविषयी विचारतात, म्हणून दोन्ही बाजू येथे मांडत आहे.

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या एडीएसएल 2+ या तंत्राची कमाल मर्यादा 24 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे इंटरनेटचा वेग) आहे आणि टेलिफोन एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढेल तसा हा वेग घटतो. फायबरवर 100 एमबीपीएस सहज मिळतात. तरीही एचडी चित्रासाठी साधारण 5 एमबीपीएस पुरतात, त्यामुळे केवळ बातम्या आणि मालिका पाहणाऱ्या घराने या आकड्याला भुलू नये. खरा फरक अपलोडमध्ये, म्हणजे आपल्याकडून बाहेर पाठवण्याच्या वेगात, आहे. जुन्या तारेवर हा वेग जेमतेम 1 एमबीपीएस मिळतो. मुलीची ऑनलाइन मुलाखत चालू असताना माझ्या मोबाइलमधील फोटो क्लाउडवर चढू लागले, तेव्हा तिला समोरच्याचे सगळे नीट ऐकू येत होते, पण तिचा स्वतःचा आवाज मात्र तुटत होता. त्याच दिवशी माझा निर्णय झाला.

पावसाळ्यात तांब्याच्या जोडांत पाणी शिरते, मग फोन उचलताच खरखर ऐकू येते आणि मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत राहतो. एका जुलैमध्ये लाइनमन येईपर्यंत आम्ही नऊ दिवस थांबलो होतो. फायबरची काच गंजत नाही हे खरे, परंतु पुण्यात ती अनेक ठिकाणी गच्चीवरून गच्चीवर, झाडांमधून ओढलेली असते आणि एक फांदी पडली की तुटते. म्हणून केबल इमारतीत जमिनीखालून येणार की वरून, हे योजनेच्या दराआधी विचारावे.

एका बाबतीत जुनी तार निश्चितच सरस आहे. तिच्यावरील साध्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळते, त्यामुळे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असली तरी तो चालतो, तर फायबरचा फोन घरातल्या यंत्राबरोबरच बंद पडतो. घरात वृद्ध माणसे असतील तर छोट्या यूपीएसचा खर्च हिशेबात धरावा. शिवाय लँडलाइनचा क्रमांक मोबाइलप्रमाणे दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. तो जपायचा असल्यास आधी त्याच कंपनीच्या फायबरची चौकशी करावी.

जिथे फायबर पोहोचतच नाही, उदाहरणार्थ पेठेतल्या अरुंद बोळातील वाड्यात, तिथे मोबाइल टॉवरवरून 5जीवर चालणारी बिनतारी जोडणी हा पर्याय उरतो. अशीच सेवा असलेले जिओ एअरफायबर सप्टेंबर 2023 मध्ये ज्या आठ शहरांत सुरू झाले, त्यांत पुणे होते. अशा जोडणीचा वेग टॉवरवरील गर्दीवर अवलंबून असल्याने फायबर उपलब्ध असेल तर मी तेच घेईन.

खर्च मोजताना 18 टक्के जीएसटी विसरू नये. जाहिरातीतले 699 रुपये प्रत्यक्षात सुमारे 825 होतात आणि 399 रुपये सुमारे 471. या दोन योजनांतील फरक वर्षाला 4248 रुपये आहे, आणि दोघांच्या घराला 30 एमबीपीएसची स्वस्त योजना पुरेशी आहे.

नवी जोडणी आली म्हणून जुनी लगेच तोडू नये. एक महिना दोन्ही ठेवून रात्री नऊच्या सुमारास, वाय-फायऐवजी राउटरला केबल जोडून, वेग मोजावा आणि मगच जुनी बंद करण्याचा अर्ज द्यावा. मोडेम परत केल्याची पावती जपून ठेवावी. अनामत रक्कम परत घेताना माझ्याकडे सर्वप्रथम तीच मागितली होती.