जुन्या रॅमशेजारी नवी स्टिक, की दोन स्टिकची नवी जोडी?

डेस्कटॉपची रॅम वाढवायची ठरवल्यावर समोर साधारणतः दोन पर्याय येतात: आहे त्या स्टिकशेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक बसवणे, किंवा जुनी काढून एकाच पाकिटातली दोन स्टिकची जोडी घेणे. यांतला स्वस्त पर्याय पहिला, हे उघडच आहे. परंतु कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या दुकानात जाऊन नुसते ‘आठ जीबीची रॅम द्या’ म्हणण्यापूर्वी आपला मदरबोर्ड काय स्वीकारतो, हे पाहणे भाग आहे.

रॅमची पिढी, म्हणजे ‘डीडीआर’पुढचा आकडा, चुकली तर दोन्ही पर्याय निकालात निघतात. डीडीआर३ला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ला प्रत्येकी २८८, पण त्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही अनुक्रमे १.२ व १.१ असे भिन्न असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. केवळ प्रोसेसरचे नाव सांगून भागेलच असे नाही, कारण इंटेलच्या बाराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींवर चालतात, मात्र बोर्डावर सहसा दोहोंपैकी एकाचेच स्लॉट असतात. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीचे एएम४ सॉकेटचे बोर्ड डीडीआर४चे आणि एएम५चे फक्त डीडीआर५चे असतात; इतका सरळ हिशेब इंटेलकडे नाही. म्हणून सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडून ‘मेनबोर्ड’ या टॅबमधून बोर्डाचे मॉडेल आणि ‘एसपीडी’ या टॅबमधून सध्याच्या स्टिकचा पार्ट नंबर उतरवून घ्यावा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची रॅमची कमाल मर्यादा पाहावी. इंटेलच्या एच६१ चिपसेटसारख्या जुन्या बोर्डांवर ती १६ जीबीच आहे. अशा यंत्रावर नव्या जोडीचा खर्च करावा, असे मला वाटत नाही.

डीडीआर४च्या यंत्रात एक स्लॉट रिकामा असेल आणि काम टॅली, ब्राउझर, बिलिंग एवढेच असेल, तर एक स्टिक वाढवणे पुरेसे आहे. जुन्या स्टिकवर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही’ असे लेबल असेल, तर पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६६६ हा वेग आणि १आरएक्स८ ही चिपांची मांडणी. नवी स्टिक या तिन्ही बाबतींत जुळणारी मागावी. वेग वेगळा निघाला तरी दोन्ही बहुधा कमी वेगावर चालतात. ३२०० लिहिलेली स्टिक २६६६वर चालली, तर तो बिघाड नव्हे. क्षमता वेगळी असल्यास, उदाहरणार्थ ४ आणि ८ जीबी, इंटेलच्या बहुतेक बोर्डांवर दोन्हींतले ४-४ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी) आणि उरलेले ४ एकट्याने चालतात.

उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये, जिथे कास्टिंगचे थ्रीडी ड्रॉइंग वेगळ्या ग्राफिक्स कार्डाविना उघडले जाते, तिथे मात्र जोडीचेच पारडे जड आहे, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर चालते आणि ड्युअल चॅनेलचा फायदा त्याला ठळकपणे मिळतो. जोडीतल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात, त्यामुळे एक्सएमपी (रॅमला तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केल्यावर अडचण येण्याची शक्यता कमी होते. डीडीआर५च्या बाबतीत तर चार स्लॉट भरल्यास वेग बराच खाली आणावा लागतो. तिथे १६-१६ जीबीच्या दोन स्टिक ८-८च्या चारांपेक्षा बऱ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच स्टिक असतील, तर त्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. दुकानदार घाईत पहिल्या दोनांत बसवतो, तेव्हा मॅन्युअल दाखवायला संकोच करू नये.

स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही, मग ती कितीही जीबीची असो. खरेदी कोणतीही असली, तरी बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीतच मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून पाहावा. एकही चूक दिसली, तर दोन्ही स्टिक एकेक करून तपासाव्यात आणि सदोष निघेल ती परत करावी.