कर्ज माझ्या नावावर, पण रजिस्टर्ड नंबर चोराचा

मी पतसंस्थेत क्लार्क आहे, अकरा वर्षं झाली. रोज वीस-पंचवीस लोकांची केवायसी माझ्या हातून जाते आणि म्हाताऱ्या माणसांना "झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहा, तारीख टाका, आडवी सही करा" हे मीच ओरडून सांगत असतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "तुला एवढंही कळलं नाही का" हे कुणी विचारायला नको. नाही कळलं.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दिवाळीच्या आधीचा. आईचं इन्सुलिन ठेवायचा फ्रिज बंद पडलेला, म्हणून सांगलीतल्या एका दुकानात गेलो. फ्रिज ३१,४९० रुपये, ५,४९० डाऊन पेमेंट, उरलेल्या २६,००० चे दहा हप्ते, महिना २,६००. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पोरगी टीव्हीपुढून हलेना, बायको आईला फोनवर फ्रिजचा रंग सांगतेय, आणि फायनान्सचा पोरगा एका टेबलावर चार-चार गिऱ्हाईकं एकदम बघत होता. चांगला बोलायचा. सर सर करायचा.

त्यानं फोटो काढला, अंगठा मशीनवर घेतला, ओटीपी विचारला. झालं असं वाटलं. मग म्हणाला, "सर, सर्व्हर हँग झाला, फोटो ब्लर आलाय, परत एकदा लागेल." परत फोटो. परत अंगठा. "बोट पुसून लावा सर." परत ओटीपी.

तो दुसरा ओटीपीचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. डिलीट करत नाही. त्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलंय, दुसऱ्याच कंपनीचं नाव, ६०,००० रुपये, १२ महिने. पहिल्या मेसेजमध्ये २६,००० होते. पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोन मेसेज, एकाखाली एक, आणि मी काय केलं तर वर नोटिफिकेशन आलं त्यातले सहा आकडे तेवढे वाचून दाखवले. मेसेज उघडलाच नाही. आकडे दिसले की माणूस आकडेच वाचतो, वरची ओळ कोण वाचतंय. पण मी वाचायला पाहिजे होती, मी तर दिवसभर दुसऱ्यांना वाच म्हणून सांगतो. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा अंगठा लावताना एक क्षण मनात आलं होतं की पहिला लागलेला मी स्क्रीनवर हिरवा बघितलाय. मागं लाईन होती, लोक च्च च्च करायला लागलेले, म्हणून गप्प बसलो. ह्या च्च च्च ला घाबरून माझं वाटोळं झालं.

फ्रिज आला, माझे २,६०० वेळेवर कापले जायचे, पासबुक स्वच्छ. कशाला संशय येईल?

एप्रिलमध्ये रात्री पावणेनऊला दाजींचा फोन. "काय रे, पैशाची अडचण होती तर मला सांगायचंस की." मला कळेना. त्यांना रिकव्हरीवाल्याचा फोन आलेला, तुमचे मेहुणे हप्ते बुडवून नंबर बंद करून बसलेत म्हणून. फ्रिजच्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून मी दाजींचा नंबर दिला होता, तोच तिकडं उचललेला. बहिणीच्या सासरच्या माणसानं तिच्यासमोर असं विचारणं म्हणजे काय ते ज्याला बहीण आहे त्याला कळेल. बहीण दोन दिवस बोलली नाही, तिला वाटलं मी लपवतोय. (जाता जाता, रिकव्हरीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलंय. वेळेचा स्क्रीनशॉट ठेवा. तो मला पुढं उपयोगी पडला.)

सिबिल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा रिपोर्ट, काढला. स्कोअर ७८२ चा ६१८ झालेला. त्यात इचलकरंजीच्या एका मोबाईल दुकानातून घेतलेला ७१,९९९ चा फोन, ११,९९९ रोख भरलेले, ६०,००० कर्ज, ५,००० चा हप्ता. पहिले दोन हप्ते कुणीतरी यूपीआयनं भरले होते. म्हणजे बघा, चोरानं माझ्या नावानं १०,००० रुपये भरले, फक्त लवकर बोंब होऊ नये म्हणून! फेब्रुवारी, मार्च, एप्रिल बुडवले. १५,००० आणि बाऊन्सचे ५९० प्रमाणे तीनदा, १,७७०. एकूण १६,७७० मागत होते.

आता खरी गंमत. त्या ६०,००० वाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. "रजिस्टर्ड नंबरवरून कॉल करा." म्हणलं रजिस्टर्ड नंबर माझा नाही, तेच तर सांगतोय. "सर, सिक्युरिटीच्या कारणास्तव आम्ही कर्जाची माहिती फक्त कर्जदारालाच देऊ शकतो." म्हणलं बरं, मग मी कर्जदार नाही असं लिहून द्या. "नाही सर, कर्ज तुमच्याच नावावर आहे." सात वेळा फोन केला, सात वेळा हेच. ओळख पटवायला ओटीपी पाठवतात तो जातो चोराच्या फोनवर! कर्ज देताना मी मीच आहे ही खात्री त्यांना पंधरा मिनिटांत पटली, आणि आता मी समोरून आधार, पॅन, नोकरीचं ओळखपत्र घेऊन बोंबलतोय तर मी मी असल्याचा पुरावा पुरेना. पैसे मागताना मात्र मी मीच असतो.

रिकव्हरीवाला वेगळाच. तो म्हणाला, "साहेब, ८,००० भरा, सेटल करून टाकू, कशाला डोक्याला ताप." बायको पण म्हणाली भरून टाका, अब्रू जाण्यापेक्षा ८,००० गेले तर गेले. मी नाही भरले. भरू नका कुणीच. भरलं म्हणजे कर्ज माझं होतं हे कबूल केलं, आणि वर रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, तो बघितला की पुढची बँक दारात उभं करत नाही. हे मी रोज टेबलाच्या पलीकडून बघतो.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला. त्यांनी विचारलं, तुमच्या खात्यातून पैसे गेले का? नाही. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. बरोबरच आहे त्यांचं, तो नंबर गेलेले पैसे पुढं सरकायच्या आत थांबवायला आहे, माझ्याकडं थांबवायला काही नव्हतं. पोर्टलवर टाकली, पोहोच क्रमांक आला. पुढं काही नाही. ‘अंडर प्रोसेस’.

पोलीस स्टेशन. पहिल्या दिवशी हवालदार म्हणाले फोनचं दुकान इचलकरंजीत, आमच्या हद्दीत येत नाही, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणे अंगठा सांगलीत दिला ना, मग गुन्हा सांगलीत. परत सांगली. आता "सायबरला जा." सायबरवाले म्हणाले साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी गेलो, "अर्ज देऊन जा." अर्ज दिला तर दुसरा अर्ज मागितला, पहिल्यात विषय चुकला म्हणे. मी कलम वाचून गेलो होतो, आयटी कायद्याचं ६६सी, दुसऱ्याची ओळख वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, आणि हद्द कुठलीही असू दे, शून्य नंबरनं गुन्हा नोंदवायचा असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये आहे. हे बोललो तर साहेब हसले. "वकील आहात का? तुमचे पैसे गेले का? नाही ना? मग नुकसान त्या कंपनीचं, त्यांनी यायला पाहिजे." आणि कंपनी म्हणते एफआयआरची कॉपी आणा मग बघू! चार दिवस रजा गेली. हातात काय, तर अर्जाच्या झेरॉक्सवर एक निळा शिक्का. तोही मागून घेतला. शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका, नंतर सगळीकडं तोच चालवावा लागतो.

दुकानदार म्हणाला तो पोरगा आमचा नाही, फायनान्सचा. फायनान्स म्हणालं आमचा नाही, एजन्सीचा. एजन्सी म्हणाली डिसेंबरात सोडून गेला.

मला वाचवलं ते माझ्याच कारकुनी सवयीनं. आधारच्या साईटवर आपलं आधार कधी, कुठं वापरलं याची हिस्टरी बघता येते, पण सहा महिन्यांचीच. मी १९ एप्रिलला बघितली, अजून आठवडा गेला असता तर गायब. त्यात २६ ऑक्टोबरला संध्याकाळी ७:३१ आणि ७:४६, दोन वेगळ्या कंपन्यांनी बायोमेट्रिक केवायसी केलेली. फ्रिजचं बिल त्याच संध्याकाळी ७:५२ चं. सांगलीत ७:५२ ला बिल करणारा माणूस ७:४६ ला इचलकरंजीत कुठून येणार? संचारसाथी ह्या सरकारी साईटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, तिथं तीन निघाली, माझी दोन. तिसरं म्हणजे तो ‘रजिस्टर्ड’ नंबर! ‘माझा नाही’ करून कळवलं. ते सिम कुणी, कधी, कुठल्या अंगठ्यावर दिलं हे मात्र मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

२१ एप्रिलला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, त्याच दिवशी सिबिलवर डिस्प्यूट टाकला. मेल आणि मेलच, फोनवर बोललेलं हवेत जातं. १९ दिवसांनी उत्तर, "आमच्या नोंदीनुसार सदर कर्ज आपणच घेतले आहे, फोटो व ओटीपी जुळतात." सोबत फोटो जोडलेला. माझाच, माझ्याच चौकडीच्या शर्टात, आणि मागं वॉशिंग मशीनची रांग, दिवाळी ऑफरचे स्टिकर लावलेली. मोबाईलच्या दुकानात वॉशिंग मशीन! कर्ज मंजूर करणाऱ्या एकाही माणसानं हा फोटो डोळे उघडून बघितला नव्हता.

मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीनं नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही की ऑनलाईन टाकायची. २३ मे ला सगळं जोडून टाकलं. १ जुलैला कर्ज रिपोर्टातून गेलं. दिलगिरी वगैरे काही नाही, ‘तांत्रिक दुरुस्ती’ म्हणे. दुरुस्तीला ३० दिवसांच्या वर गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई असा नियम आहे, माझे ७१ दिवस, म्हणजे ४१ दिवसांचे ४,१००. मागितलेत. आले नाहीत. माझा खर्च ५०० चा स्टॅम्प, नोटरी २००, पोस्ट २१४, झेरॉक्स १३०, एकूण १,०४४, एसटीचं भाडं धरलं नाही.

मास्क्ड आधार, म्हणजे नंबरचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं, वापरा म्हणून सगळे सांगतात, वापरा, पण माझ्या बाबतीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण मी स्वतः अंगठा दिला होता. त्यापेक्षा आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा वगैरे, लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडा. मी आता आईचंही केलंय. आणि रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, एकट्या सिबिलचा नाही, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचा. मी स्वतः अकरा वर्षांत एकदाही काढला नव्हता.

गेल्या आठवड्यात पोलीस स्टेशनमधून फोन आला. वाटलं, सापडला पोरगा. गेलो तर जुने अर्ज निकाली काढायचे होते, ‘अर्जदाराचे समाधान झाले, काही तक्रार नाही’ असं टाईप केलेला कागद तयार होता, खाली सहीची जागा. ह्या वेळी मात्र वरची ओळ आधी वाचली. सही केली नाही.