ड्रायक्लीनर कसा आहे ते कपडा देतानाच कळतं

ड्रायक्लीनिंगचे रिव्ह्यू वाचले तर बहुतेक लोक कपडा परत मिळाल्यावरचंच लिहितात, की इस्त्री कडक होती, कव्हर मस्त होतं, वेळेवर दिलं वगैरे. माझ्या मते मार्क द्यायचे ते आधीच, म्हणजे आपण कपडा काउंटरवर ठेवतो तेव्हा समोरचा माणूस त्याच्याकडे कसा बघतो त्यावर. पुढचं जवळपास सगळं तिथेच ठरतं. मी बऱ्याच ठिकाणी कपडे टाकलेत आणि दोन्ही टोकांचा अनुभव घेतलाय, त्यामुळे हा एका दुकानाचा नाही, एकूण या सर्व्हिसचाच रिव्ह्यू समजा.

चांगला माणूस कोट हातात घेतला की आधी सगळे खिसे आतून चाचपतो (पेन राहिलं तर एका कोटाची शाई मशीनमधल्या सगळ्या कपड्यांना लागते), मग कॉलर उलटी करून मळ बघतो, काखेतलं अस्तर बघतो, कुठे शिवण उसवलीय का, बटण सैल आहे का, आणि मग कापड उजेडासमोर धरतो, कारण कसर लागलेली असेल तर ते बारीक विरलेले ठिपके तेव्हाच दिसतात. लोकरीत अळीने कुरतडलेला धागा कधीकधी कसाबसा अडकून असतो, धुलाईत तो सुटतो आणि भोक उघडं पडतं, मग गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही भोक पाडलं आणि दुकानदार म्हणतो आधीपासून होतं. दोघंही मनापासूनच बोलत असतात! आधीच बघून पावतीवर लिहून ठेवलं असतं तर भांडणच झालं नसतं. नुसतं 'कोट, १ नग' एवढंच लिहिणाऱ्या दुकानाला मी तिथेच कमी मार्क देते.

आणि मग ते तीन प्रश्न. डाग कसला आहे, कधी पडला, घरी त्यावर काही लावलंत का? हे विचारणाऱ्याला काम कळतं. त्याचं कारण असं की मशीनमध्ये पाणी नसतं, सॉल्व्हंट असतो, म्हणजे मळ विरघळवणारं द्रव रसायन, कपडा त्यात चांगला भिजतो, फिरतो आणि मग वाळतो. वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त वापरला गेलेला सॉल्व्हंट म्हणजे परक्लोरोइथिलीन, धंद्यातले लोक त्याला नुसतं पर्क म्हणतात. तेल, तूप, ग्रीस, लिपस्टिक असलं काही असेल तर सॉल्व्हंट ते मस्त ओढून घेतो. पण घाम, कॉफी, सरबत, रक्त हे पाण्यात विरघळणारे डाग, त्यांच्यावर एकट्या सॉल्व्हंटचं फारसं काही चालत नाही, ते आधी टेबलावर घेऊन हाताने, थोडं पाणी, योग्य ते केमिकल, वाफ असं करून काढावे लागतात, त्याला स्पॉटिंग म्हणतात. खरं कौशल्य या टेबलावर आहे, मशीन तर कोणीही विकत घेतो. रक्तावर किंवा दुधावर गरम वाफ मारली तर डाग पक्का बसतो, कॉफीला वेगळी ट्रीटमेंट लागते, म्हणजे डाग कसला ते माहीतच नसेल तर तो बिचारा अंदाजाने काम करणार. म्हणून न विचारता पण सांगा, लाज कसली त्यात.

साखरेच्या डागाचं तर वेगळं सांगायलाच हवं. कोल्ड्रिंक किंवा ज्यूस सांडला, पुसला, वाळला, काही दिसत नाही म्हणून आपण विसरून जातो. साखर कापडातच असते, सॉल्व्हंटने ती जात नाही, आणि मग ड्रायरची किंवा इस्त्रीची उष्णता लागली की ती पिवळी-तपकिरी होते. कपडा स्वच्छ दिला आणि डाग पाडून आणला अशी जी तक्रार असते ना, त्यातल्या बऱ्याच वेळा हेच झालेलं असतं. घामाचंही तेच, रेशमी शर्टाच्या काखेत घाम आणि डिओडरंट मिळून कापड आणि रंग दोन्ही हळूहळू कमजोर होतात, ते नुकसान नंतर कोणीच भरून देऊ शकत नाही. आणि रेशमावर डाग पडला की ओल्या रुमालाने खसाखसा घासणं आधी बंद करा, बारीक तंतू तुटून तिथे पांढुरका पट्टा येतो, तो डाग नसतोच, कापडच फाटायला लागलेलं असतं, मग ड्रायक्लीनर काय करणार.

दुकानदाराच्या चुका पण असतातच, त्या मी माफ करत नाही. काळ्या लोकरीच्या पँटवर मध्ये कापड न ठेवता इस्त्री दाबली की चकाकी येते, हा शुद्ध आळस. पांढरा कपडा करडा होऊन आला तर बहुतेक सॉल्व्हंट नीट गाळलेला नाही किंवा गडद कपड्यांबरोबर टाकलाय. आणि घरी आणल्यावर कपड्याला उग्र गोड वास येत असेल तर तो 'स्वच्छतेचा वास' नाही, सॉल्व्हंट पूर्ण वाळवलेला नाही. हे मी फार गंभीरपणे घेते. पर्क माणसात बहुधा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर १० वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम काढला. आपल्या अंगाला लागतो तो थोडासाच, पण दिवसभर त्या मशीनशेजारी उभा राहणारा कामगार ते श्वासात घेतो, त्याचा विचार कुठल्याच रिव्ह्यूत दिसत नाही. हायड्रोकार्बनवर (हा पर्कपेक्षा सौम्य सॉल्व्हंट) किंवा वेट क्लीनिंगवर, म्हणजे पाण्यात पण कंट्रोलमध्ये, काम करणारी दुकानं आहेत, तिथे माझे मार्क सरळ वाढतात.

काही चुका ना आपल्या असतात ना दुकानदाराच्या, त्यात मात्र कपडा बनवणाऱ्या कंपनीला पकडा. कोटाच्या छातीवर किंवा कॉलरवर बुडबुडे आले तर आतलं चिकटवलेलं कॅनव्हास सुटलंय, गोंद हलका होता. काही प्लास्टिकची बटणं आणि टिकल्या पर्कमध्ये मऊ पडतात किंवा विरघळतात. लेबल बघायची सवय लावा: नुसतं गोल वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन चालेल, आत पी असेल तर पर्क चालतो, एफ असेल तर फक्त हायड्रोकार्बनसारखे सौम्य सॉल्व्हंट, डब्ल्यू म्हणजे प्रोफेशनल वेट क्लीनिंग, खाली रेघ म्हणजे हलक्या हाताने आणि वर्तुळावर फुली म्हणजे द्यायचाच नाही. एफ लिहिलेला कपडा पर्कमध्ये घातला तर ती दुकानाची चूक, लेबलप्रमाणे करूनही बिघडला तर बनवणाऱ्याची. हे कळलं की भांडायचं कोणाशी ते तरी कळतं.

१८२१ साली न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्जने कपडे साफ करण्याच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं होतं, आणि तो टेलर होता. मला हे फार पटतं, कापड आणि शिवण ज्याला कळते त्याचंच हे काम. आजही ज्या दुकानात रफू किंवा बटणं लावून देतात तिथे माझा अनुभव जास्त चांगला आहे.

अजून दोन गोष्टी. सूट असेल तर कोट आणि पँट नेहमी एकत्रच टाका, एकच दिलं तर काही वेळाने रंगात फरक दिसायला लागतो. आणि घरी आणलं की प्लास्टिक कव्हर काढून टाका, ते फक्त रस्त्यातल्या धुळीपुरतं असतं, महिनोनमहिने कपाटात तसंच ठेवलं तर ओल कोंडते आणि फिके कपडे पिवळे पडू शकतात.

घ्यायला जाल तेव्हा मात्र ते कव्हर दुकानातच वर करून बघा, टॅग लावलेला असतानाच, ट्यूबलाइटखाली नाही तर दाराशी उजेडात. डाग दिसला तर तिथेच परत द्या आणि घरी इस्त्री फिरवू नका, एकदा उष्णता बसली की चांगल्यातला चांगला स्पॉटर पण हात टेकतो. जो दुकानदार हे बघू देतो, घाई करत नाही आणि राहिलेला डाग कपडा देताना स्वतःहून दाखवून 'एवढा निघाला, पुढे घासला असता तर रंग गेला असता' असं सांगतो, त्याला माझे पाचपैकी पाच.