व्हॉल्व्हच्या नावाखाली विकलेला अ‍ॅम्प्लिफायर

गेल्या वर्षी एका दुकानदाराने ‘अस्सल व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येक चॅनेलला १०० वॉट’ असे सांगून ४२ हजार रुपयांना जे यंत्र माझ्या गळ्यात मारले, त्यातले व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टर येण्याआधी आवाज वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) केवळ शोभेचे होते. मूळ रेकॉर्डिंगशी इमान राखणारा आवाज व्हॉल्व्हच देतो, हे त्याचे म्हणणे मी पारखून न घेता स्वीकारले.

बटण दाबताक्षणी आवाज आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या घरचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ बोलू लागायला चांगलाच वेळ घेत असे, कारण आतला तंतू तापून कॅथोडमधून, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या ऋण टोकातून, इलेक्ट्रॉन सुटू लागेपर्यंत व्हॉल्व्ह कामच करत नाही. दुसरी खूण वजनाची होती. व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो साधारण आठ ओहमचा, त्यामुळे मोजके अपवाद सोडले तर प्रत्येक चॅनेलला हा फरक जुळवणारा, लोखंडी गाभ्याचा जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर द्यावाच लागतो. माझे यंत्र मी एका हाताने उचलले होते. शिवाय ईएल३४ सारख्या दणकट व्हॉल्व्हची जोडीसुद्धा सर्वसाधारणपणे ३५ ते ५० वॉट देते, मग करंगळीएवढ्या दोन व्हॉल्व्हमधून १०० वॉट कुठून येणार?

शेवटी एका जाणकार तंत्रज्ञाकडून ते उघडवले. (खरा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घरी कोणीही उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट साठून राहू शकतात.) व्हॉल्व्हच्या फक्त तंतूंना वीज दिलेली होती, खालून नारिंगी एलईडी लावले होते आणि सगळे काम एक चिप करत होती.

वाईट याचे वाटते की तंतोतंत आवाजच हवा असेल, तर चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच अधिक योग्य ठरतो आणि तो मला उघडपणे, कमी पैशांत घेता आला असता. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) बहुधा जास्त असल्याने स्पीकरचा इम्पीडन्स जिथे चढतो-उतरतो तिथे आवाजाचा तोलही थोडा बदलतो, आणि त्यात मिसळणारा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा सूर) तंबोऱ्याला गोडवा देत असला तरी तो मूळ ध्वनिमुद्रणातला नसतो. तो गोडवा आवडणे यात काहीच गैर नाही, पण ‘अचूक’ म्हणून तो विकणे ही दिशाभूल आहे.

दुकानदाराने पैसे परत करायला नकार दिला, तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रार नोंदवताना पहिल्यांदा बिल नीट वाचले, तर त्यावर ‘ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर, १ नग’ एवढेच होते; व्हॉल्व्ह हा शब्द कुठेही नव्हता.