रोटाव्हॅप, चिलर आणि स्टिरर: नाशिकच्या लॅबने पैसे नेमके कुठे लावावेत

सातपूर-अंबडमधली फॉर्म्युलेशन लॅब, दिंडोरी पट्ट्यातली वाइनरी, वनस्पतींचे अर्क काढणारा आयुर्वेदिक कारखाना आणि कॉलेजचा रसायनशास्त्र विभाग, सगळ्यांच्या हातात कॅटलॉग तेच पडतात. गरजा मात्र इतक्या वेगळ्या असतात की एकाची उत्तम खरेदी दुसऱ्याकडे कोपऱ्यात झाकून पडते. म्हणून आधी द्रव बघायचा, मग यंत्र.

रोटाव्हॅप की साधं ऊर्ध्वपातन?

रोटाव्हॅप म्हणजे रोटरी इव्हॅपोरेटर, व्हॅक्यूमखाली फ्लास्क फिरवत द्रव उडवणारं यंत्र. वाइनरीने निव्वळ तपासणीसाठी तो घेऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवं. अल्कोहोलचं प्रमाण काढायला साधा काचेचा ऊर्ध्वपातन संचच लागतो. २०० मिली वाइन घ्यायची, विरलेला कार्बन डायऑक्साइड आधी घालवायचा, चुन्याच्या निवळीने नव्हे तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या दाट सस्पेन्शनने आम्लं बांधायची, साधारण तीन चतुर्थांश डिस्टिलेट गोळा करायचं आणि त्याच तापमानाला पुन्हा २०० मिली करून घनता मोजायची. घेणारा फ्लास्क बर्फात ठेवा आणि अडॅप्टरचं टोक थोड्या पाण्यात बुडवा. हेच काम व्हॅक्यूमखाली केलं तर वाफेचं पुन्हा द्रव न झालेलं अल्कोहोल पंपातून निघून जातं आणि आकडा कमी येतो. व्होलाटाइल अ‍ॅसिडिटीसाठी (वाफेबरोबर उडणाऱ्या आम्लांच्या प्रमाणासाठी) तर वाफेचं ऊर्ध्वपातन हवं: २० मिली वाइनमधून निदान २५० मिली डिस्टिलेट. तिथे वाफ तयार करणारं भांडं आणि चांगला कंडेन्सर (वाफ थंड करून द्रव करणारा भाग) यांवरच खर्च करावा.

द्राक्षांतल्या कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्यांचंही तसंच. इथाइल अ‍ॅसिटेटचा अर्क जेमतेम काही मिली असतो. तेवढ्यासाठी लिटरभराचा फ्लास्क फिरवला तर अर्धा नमुना काचेलाच चिकटतो. नायट्रोजनच्या झोतावर चालणारा इव्हॅपोरेटर एका वेळी अनेक नळ्या सांभाळतो.

रोटाव्हॅप खरा शोभतो तो अर्कवाल्यांकडे. शतावरी किंवा रिठ्याचा अल्कोहोल-पाण्यातला अर्क घट्ट करताना दोन अडचणी येतात. पहिली फेसाची: सॅपोनिन या साबणासारख्या घटकामुळे फेस थेट कंडेन्सरमध्ये चढतो. त्यासाठी फ्लास्क आणि वाफेच्या नळीमध्ये फोम ट्रॅप बसवा, फ्लास्क निम्म्याहून कमी भरा आणि व्हॅक्यूम टप्प्याटप्प्याने वाढवा. दुसरी अडचण शेवटी उरणाऱ्या चिकट गोळ्याची. अरुंद मानेच्या गोल फ्लास्कमधून तो निघत नाही, म्हणून रुंद तोंडाचा पावडर फ्लास्क कोटेशनमध्येच मागून घ्या.

पंप: सगळ्यात जास्त चूक इथेच होते

बाथ (फ्लास्क तापवणारं गरम पाणी) ६० अंश, वाफ ४० अंश, कंडेन्सरचं पाणी २० अंश, हा रोटाव्हॅपचा प्रचलित हिशोब. वाफ ४० अंशांवर ठेवायची तर इथेनॉलला सुमारे १७५ मिलीबार, मेथनॉलला ३३७, इथाइल अ‍ॅसिटेटला २४०, अ‍ॅसिटोनला ५५६ आणि पाण्याला ७२ मिलीबार दाब लागतो. म्हणजे फक्त अल्कोहोल-अ‍ॅसिटोनवाल्यांचं एका टप्प्याच्या डायफ्राम पंपावरही भागतं. पाणी उडवायचं असेल तर दहा मिलीबारच्या आसपास जाणारा दोन टप्प्यांचा, पीटीएफई (टेफ्लॉन) डायफ्रामचा पंप घ्या.

ऑइल पंप त्याहून खूप खोल व्हॅक्यूम देतो आणि स्वस्तही पडतो, पण इथे तो नको. सॉल्व्हंट तेलात उतरतं, तेल पातळ होतं, व्हॅक्यूम पडतो आणि आतले भाग झिजतात. पाण्याच्या जेट पंपाची मर्यादा पाण्याच्या वाफेच्या दाबानेच ठरते: पाणी ३० अंशांचं असेल तर ४२ मिलीबारच्या खाली तो जाऊच शकत नाही. शिवाय टाकीतलं पाणी फिरवत ठेवलं की तासाभरात तेच गरम होतं.

नाशिकसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब साधारण ९४३ मिलीबार, म्हणजे ७०७ मिलीमीटर पारा असतो. काट्याचं गेज वातावरणाच्या तुलनेत वाचतं, म्हणून इथे परिपूर्ण व्हॅक्यूमलाही ते ७६० दाखवणार नाही. गेज ७०० वर थांबलं म्हणून पंप परत पाठवू नका. नाशिकमध्ये त्याचा अर्थ उरलेला दाब दहा मिलीबारच्या आसपास, म्हणजे पंप ठणठणीत आहे. मुंबईत तेच ७०० म्हणजे ८० मिलीबार. इथेनॉलसाठी इथे काटा साधारण ५७५ वर धरावा लागतो. थेट निरपेक्ष दाब मिलीबारमध्ये दाखवणारा डिजिटल कंट्रोलर घेतला तर हा गोंधळच उरत नाही. रंगीत टचस्क्रीनपेक्षा याला पैसे देणं कधीही योग्य.

चिलर की बर्फ?

चिलर म्हणजे कंडेन्सरला थंड पाणी फिरवून देणारं यंत्र. ताशी एक लिटर इथेनॉल उडवलं तर कंडेन्सरला सुमारे २०० वॅट उष्णता काढावी लागते. ताशी एक लिटर पाण्याला तोच आकडा साधारण ६७० वॅट होतो. त्यामुळे ३०० वॅटचा चिलर अल्कोहोलला भरपूर आणि पाण्याला अपुरा. कॅटलॉगमधला ठळक आकडा बहुधा २० अंशांच्या पाण्याचा आणि थंड खोलीचा असतो. तुम्हाला हवा आहे तो १० अंशांवरचा आकडा. मे महिन्यात विनाएसी खोलीत तो आणखी घसरतो, म्हणून हिशोबापेक्षा निदान दीडपट क्षमता धरा.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट कंडेन्सरला देणं उन्हाळ्यात निरुपयोगी आहे. पाणी ३०-३२ अंशांचं आणि वाफ ४० ची, मग अल्कोहोलच्या वाफेचं द्रव होणार कसं? ते पंपात जातं, डायफ्राम फुगवतं आणि खोलीत वास सुटतो.

कॉलेजला आठवड्यात एखाद-दोन लिटरच करायचे असतील तर चिलर नकोच. थर्माकोलचा डबा, एअर कूलरचा छोटा पंप आणि बर्फ. एक लिटर इथेनॉलला जेमतेम दोन-सव्वादोन किलो बर्फ पुरतो. पाण्याला मात्र सात किलोंच्या वर लागतो. तिथे हा मार्ग सोडा.

मॅग्नेटिक की ओव्हरहेड?

मॅग्नेटिक स्टिरर खालच्या चुंबकाने भांड्यातली चुंबकी कांडी, म्हणजे बीड, फिरवून द्रव ढवळतो. त्यावर लिहिलेली २० लिटरची क्षमता पाण्यासाठी असते. काढा, सिरप, जेल आलं की बीड फेऱ्यांशी जुळवून घेऊ शकत नाही आणि थडथडत बाजूला उडतो. बफर, टायट्रेशन, पातळ द्रावणं, एवढंच त्याचं राज्य. बीड उडत असेल तर आधी वेग शून्यावर आणून हळूहळू वाढवा. भांड्याचा तळ जाड असेल किंवा मध्ये वॉटर बाथ असेल तर चुंबकाची पकड सुटतेच. आणि हॉट प्लेट ३०० अंशांपलीकडे तापते, तर इथरची वाफ २०० अंशांच्या आतच ठिणगीशिवाय पेट घेते. इथर तिच्या जवळपासही नको.

घट्ट पदार्थांना ओव्हरहेड स्टिरर, म्हणजे वरून शाफ्ट सोडून ढवळणारा. तो घेताना मोटरचे वॅट नव्हे, टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघा. शाफ्टवर ६० न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क आणि २०० आरपीएम म्हणजे प्रत्यक्ष द्रवाला मिळतात फक्त साडेबारा वॅट. कार्बोपॉल किंवा सीएमसी यांसारखी जेल घट्ट करणारी पावडर फुगायला लागली की कमी वेगावर जोर लागतो आणि स्वस्त मोटर नेमकी तिथेच बसते. आयका कंपनीच्या आरडब्ल्यू २० सारख्या यंत्रात ६० ते ५०० आणि २४० ते २००० आरपीएम असे दोन गिअर दिलेत ते यासाठीच. पॅडलही द्रवाप्रमाणे: पातळ द्रवाला प्रॉपेलर, जेलला संथ फिरणारा अँकर, पावडर भिजवायला दातेरी डिस्क. क्रीमचं इमल्शन हवं असेल तर या कशानेच होणार नाही. रोटर-स्टेटर होमोजिनायझर वेगळा घ्यावा लागतो.

परदेशी की देशी?

आयका ही १९१० साली सुरू झालेली जर्मन कंपनी, मुख्यालय श्टाउफेनला. भारतातलं तिचं कार्यालय बंगळुरूला. व्यापारी तत्त्वावर पहिला रोटरी इव्हॅपोरेटर स्वित्झर्लंडच्या बुखीने १९५७ मध्ये आणला. यांचं सील, लिफ्ट आणि दाबाचं नियंत्रण सरस आहे, यात शंका नाही. काही मॉडेल्सची मोटर-लिफ्ट वीज गेली की फ्लास्क आपोआप बाथमधून वर उचलते. वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा या एका सोयीने बॅच वाचते. रोज सहा-आठ तास यंत्र चालणार असेल किंवा फार्मा ऑडिट असेल तर हेच घ्या.

आठवड्यातून दोनदा वापर असेल तर अंबाला किंवा मुंबईकडचा देशी रोटाव्हॅप आणि त्यावर चांगला पीटीएफई पंप, ही जोडी परदेशी यंत्र अधिक सामान्य पंप यापेक्षा चांगली चालते. देशी यंत्र निवडताना तीन गोष्टी हाताने तपासा. जॉइंट २९/३२ असा प्रमाण मापाचा हवा, म्हणजे फ्लास्क कुठेही मिळतो. सील पीटीएफईचं हवं, रबराचं नको. आणि गळती: कोरडा रिकामा फ्लास्क लावून दाब ५० मिलीबारवर आणा, पंप तोडा, पाच मिनिटं फिरवत ठेवा. आकडा सारखा चढत राहिला तर सील किंवा नळीचा जोड सैल आहे. ग्रीस थापून ते झाकू देऊ नका.

कोटेशनमध्ये एक जादा सील, एक जादा वाफेची नळी, प्लास्टिकचं आवरण असलेला काचेचा फ्लास्क आणि पंपाचा डायफ्राम संच या चारांच्या किमती वेगळ्या लिहून घ्या. सर्व्हिस इंजिनिअर पुण्या-मुंबईहून येणार असेल तर भेटीचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर यायला हवं. डेमो स्वतःच्याच अर्कावर, दुपारच्या वेळी आणि पूर्ण लिटरभर मागा. पाणी फिरवून दाखवलेला डेमो फेसाबद्दल काहीच सांगत नाही.