सॉफ्टनर बसवून सात महिने झाले: जड पाण्याच्या घरातला अनुभव

प्लंबरने गीझर खोलला तेव्हा आतून अर्धी बादली पांढरी खपली निघाली. कॉइलवर इतका जाड थर होता की मूळ धातू कुठे दिसतच नव्हता. त्याने स्क्रूड्रायव्हरने टोकलं तसा एक तुकडा अख्खाच निसटून खाली पडला. उचलून पाहिला, तर आतल्या बाजूला कॉइलच्या वेटोळ्यांचा ठसा, साच्यातून काढल्यासारखा. गीझर अवघा दोन वर्षांचा होता आणि ही त्याची दुसरी कॉइल. त्याच आठवड्यात मी घरासाठी सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, घ्यायचं ठरवलं. आज त्याला सात महिने झाले. छोट्या शहरात नळाला बोअरचं पाणी येतं अशा घरांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी माझी चूक सांगतो, कारण बहुतेक जण तीच करतात. विक्रेत्याचा माणूस पेनासारखा टीडीएस मीटर घेऊन आला, पाण्यात बुडवला, ८२० आकडा दाखवला आणि म्हणाला, "बघा किती जड पाणी आहे." मी मान डोलावली. पण टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, हे तो सांगू शकत नाही, आणि पाणी जड होतं ते मुख्यतः या दोघांमुळे. एखाद्या घरचं पाणी चवीला मचूळ, टीडीएस भरपूर, तरी साबणाला छान फेस, असंही असू शकतं. त्या माणसाने जडपणा मोजलाच नाही. नुसत्या अंदाजाने मशीनवर जडपणाचा २५० आकडा टाकला आणि निघून गेला.

पहिले काही दिवस मात्र खरंच सुखाचे गेले. आंघोळ करताना साबण अंगावरून जातच नाही असं वाटायचं, त्वचा बुळबुळीत लागायची. आईने तर दोनदा विचारलं, "पाण्यात काही मिसळतंय का रे हे मशीन?" जड पाण्यात साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि फरशीवर बसणारी राखाडी मळी ती हीच. इतकी वर्षं तोच साका अंगावरही बसत होता आणि आपण त्याला 'स्वच्छ धुतल्यासारखं' म्हणत होतो. मऊ पाण्यात तो होत नाही. बुळबुळीतपणाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात. साबण निम्म्याने कमी घ्यायचा, हाही त्यावरचा उपाय.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी साबणाचा फेस पुन्हा बसायला लागला. दोन-तीन दिवस बरे, की पुन्हा तेच. तक्रार केली तर उत्तर मिळालं की दाब कमी असेल. शेवटी मी थेंब मोजायचं जडपणाचं किट मागवलं, आणि या सगळ्या खर्चातली सगळ्यात कामाची वस्तू तीच ठरली. छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात आधी आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण आणि रंगसूचक टाकायचं. पाणी जड असेल तर ते वाइनसारखं लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब थेंब टाकत हलवायचं. मी टाकत होतो, आई मोजत होती. चौदा, पंधरा... सोळाव्याला जांभळट झाक आली आणि अठराव्या थेंबाला पाणी एकदम निळं झालं. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम, म्हणजे जडपणा ४५०. साधारण १८० च्या पुढे पाणी 'फार जड' धरतात. आमचं त्याच्या अडीचपट.

आता हिशोब लागला. आमच्या मशीनमध्ये १५ लिटर रेझिन आहे, म्हणजे जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी. ते भरले की मशीन त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करतं. माहितीपुस्तिकेप्रमाणे ते एका फेरीत सुमारे ७५० ग्रॅम जडपणा धरतं. पाणी ४५० चं असेल तर साधारण १,६५० लिटरनंतर रेझिन भरतं, म्हणजे आमच्या घरी तीन दिवसांत. मशीनला मात्र २५० सांगितलेलं, त्यामुळे ते ३,००० लिटर होईपर्यंत मिठाने धुवायची वाट बघत बसायचं. मधले दोन-अडीच दिवस जड पाणी तसंच पुढे जात होतं. आकडा बदलून ४५० केला आणि त्या दिवसापासून तक्रार नाही. आता मी दर महिन्याला कच्चं, म्हणजे सॉफ्टनरच्या आधीचं पाणी मोजतो. पावसानंतर ते ३५० पर्यंत उतरलं होतं आणि कोरड्या दिवसांत ५०० ला टेकलं. आकडा वाढला की मशीनवरही वाढवतो. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्कने १८४१ मध्ये चुना घालून पाणी मऊ करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि जडपणा साबणाच्या द्रावणाने मोजायचं तंत्रही दिलं. चुन्याने चुनाच काढायचा, ही कल्पना मला अजून विलक्षण वाटते.

सॉफ्टनर काय करत नाही, हे जास्त महत्त्वाचं. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. त्यामुळे बसवल्यावर टीडीएस उतरत नाही. आमचा तर आठशेच्या आसपासच राहिला. ते पाहून शेजारचे काका म्हणाले, "फसवलं तुम्हाला." फसवलेलं नाही, हे काम त्याचं नव्हेच. ४५० जडपणाचं पाणी मऊ केलं की लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. मिठाचं पथ्य असणाऱ्याने हे पाणी तसंच पिऊ नये. आम्ही स्वयंपाकघरातला एक नळ कच्च्या पाण्याचा ठेवला आहे आणि झाडांनाही तेच घालतो. पिण्यासाठी आरओ आहे. त्याला मऊ पाणी दिलंय, म्हणजे त्याच्या मेम्ब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पडद्यावर) थर बसत नाही, आणि सोडियमचा बहुतांश भाग आरओ काढून टाकतो.

जंतू सॉफ्टनर मारत नाही, गढूळपणाही काढत नाही. पाऊस पडला की आमच्या नळाला दोन दिवस मातकट पाणी येतं, म्हणून सॉफ्टनरच्या आधी पाच मायक्रॉनचा फिल्टर लावला आहे. नाहीतर गाळ रेझिनमध्ये जाऊन बसतो. पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीला तांबूस डाग पडत असतील, तर त्याचा बंदोबस्त आधी करा. लोहाने रेझिन खराब होतं. क्लोरीनही मी अधूनमधून गुलाबी रंग येणाऱ्या गोळीने तपासतो. नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं असावं.

त्वचेबद्दल खरं तेच सांगतो. आईच्या हातांच्या भेगा कमी झाल्या, पण त्याच सुमारास तिने साबणही बदलला होता, त्यामुळे श्रेय कुणाला हे मला ठरवता येत नाही. ब्रिटनमध्ये एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज सुटण्याचा आजार) असलेल्या ३३६ मुलांवर सॉफ्टनरची चाचणी झाली होती आणि २०११ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. सॉफ्टनरमुळे आजारात वेगळा फरक दिसला नाही. घरात एक्झिमाचं मूल असेल तर केवळ त्या आशेने एवढा खर्च करू नका. मन तुटतं.

जुने थर आपोआप जात नाहीत. नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरचं तोंड मी सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं. टाकल्याबरोबर बारीक बुडबुडे सुटायला लागतात, सकाळी नुसत्या ब्रशने सगळं निघतं. एका जाळीतून तर पाण्याची धारच तिरकी यायची, ती सरळ झाली. थर बसू नये म्हणून पाइपवर बांधायचे चुंबक मी आधी वापरून पाहिले होते. कॉइलची ती दशा ते लावलेले असतानाच झाली.

खटकणारी गोष्ट एकच, आणि ती रोज मनात येते. मशीन धुतलं जातं तेव्हा दर वेळी दीड-दोन किलो मीठ निघतं आणि ते खारं पाणी गटारात जातं. आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही फरशी पुसायला वापरतो, याचं मात्र काहीच करता येत नाही. आता मऊ पाणी फक्त न्हाणीघर, वॉशिंग मशीन आणि आरओ यांनाच जाईल अशी पाइपची जोडणी करून घेतली आहे. संडास आणि अंगणाचा नळ कच्च्या पाण्यावर टाकला. त्यामुळे मशीन तीनऐवजी पाच दिवसांनी धुतलं जातं.

मागच्या रविवारी गीझर पुन्हा खोलून घेतला. कॉइलवर हाताने पुसली जाईल इतकी पातळ भुकटी होती आणि धातू चमकत होता. प्लंबरने फडक्याने पुसून तीच कॉइल परत बसवली.