मेनफ्रेमचे व्हॉल्यूम नेटवर्कवरून हलवताना: एडीआरडीएसएसयू, टर्स आणि एफटीपी

दोन डेटा सेंटर, दोन्हीकडे झेड/ओएस (आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम). टेप लायब्ररी सामायिक नाही, स्टोरेजचं रेप्लिकेशन (डिस्कची दुसरीकडे आपोआप होणारी नक्कल) घेतलेलं नाही. अशा ठिकाणी ३३९० जातीच्या डिस्कचे आख्खे व्हॉल्यूम एकीकडून दुसरीकडे न्यायचे तर हाताशी आयबीएमचं जुनं त्रिकूटच असतं: एडीआरडीएसएसयूने डंप (व्हॉल्यूमची एका फाइलमध्ये प्रत), एएमएटर्सने (थोडक्यात टर्स) पॅक, एफटीपीने रवाना. पलीकडे हेच उलट्या क्रमाने. बरेच महिने आमच्या टीमने सिसरेस (ज्यावरून सिस्टम सुरू होते तो व्हॉल्यूम) आणि अ‍ॅप्लिकेशनचे व्हॉल्यूम असेच हलवले. पद्धत भरवशाची आहे. फक्त ती अडते ते प्रत्येक वेळी दोन पायऱ्यांच्या सांध्यात.

डंपपासून सुरू करतो. आमचे पर्याय: डंप फुल, ऑल्डेटा, ऑलएक्सेप आणि ऑप्टिमाइझ ४. ऑप्टिमाइझच्या या ४ मुळे एका वाचनात पूर्ण सिलिंडर, म्हणजे डिस्कवरचे १५ ट्रॅक उचलले जातात. ऑप्टिमाइझ दिलंच नाही तर एकेक ट्रॅक वाचला जातो आणि जॉब रेंगाळतो. रिटर्न कोड शून्य (म्हणजे चूक नाही) आला की नवीन मंडळी खूश होतात. इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. फुल फिजिकल डंप फक्त व्हीटॉकवर (व्हॉल्यूमच्या अनुक्रमणिकेवर) एन्क्यू (कुलूप) घेतो, आतल्या डेटासेटवर (फाइलींवर) नाही. म्हणजे डंप चालू असताना कुणी डेटासेटमध्ये लिहीत असेल तर अर्ध्या ट्रॅकवर जुनं आणि अर्ध्यावर नवं अशी प्रत तयार होते, आणि कोड तरीही शून्यच. डीबी२ या डेटाबेसच्या व्हॉल्यूमवर हा प्रकार घातक आहे.

यावर आम्हाला उत्तम लागू पडलं ते फ्लॅशकॉपी (स्टोरेजने क्षणात घेतलेली प्रत). अ‍ॅप्लिकेशन क्षणभर थांबवायचं, कॉपी फुल डंपकंडिशनिंग देऊन दुसऱ्या व्हॉल्यूमवर प्रत घ्यायची, मग निवांतपणे त्या प्रतीचा डंप. गंमत अशी की प्रतीचा व्हॉलसर (व्हॉल्यूमचं नाव) वेगळा असला तरी डंप मूळ व्हॉल्यूमचाच असल्यासारखा निघतो. त्यामुळे पलीकडे कॉपीव्हॉलआयडी देऊन रिस्टोअर केलं की मूळ नाव परत मिळतं. आयबीएमने केलेल्या सोयींपैकी ही मला मनापासून आवडते.

पुढचा सांधा जागेचा. ३३९० च्या मॉड-३ या आकारात ५०,०८५ ट्रॅक, मॉड-९ मध्ये १,५०,२५५. साध्या सिक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर ६५,५३५ ट्रॅकच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे काठोकाठ भरलेला मॉड-९ दाबून अर्धा झाला तरी मावत नाही आणि जॉब जागेच्या अबेंडने (मध्येच बंद होऊन) पडतो. डीएसएनटाइप लार्ज घाला, प्रश्न मिटतो. हे डंपच्या डेटासेटला लागतं, पॅक केलेल्यालाही लागू शकतं, आणि पलीकडच्या बाजूलाही.

आता टर्स कशाला? डंप आधीच कॉम्प्रेस केला असेल तर पॅकने आकार फारसा घटत नाही आणि सीपीयू जळतो, हे खरं. पण डंपचा रेकॉर्ड फॉर्मॅट यू (लांबी ठरावीक नसलेला) असतो. तो साध्या बायनरीत पाठवला की ब्लॉकच्या सीमा पुसल्या जातात, आणि पलीकडे एडीआरडीएसएसयू त्याला डंप म्हणून ओळखतच नाही. टर्सचं आउटपुट फिक्स्ड ब्लॉक, १०२४ लांबीचं. पलीकडचा डेटासेट त्याच मापाचा आधीच अ‍ॅलोकेट करून ठेवा, बायनरीत पाठवा, अनपॅक बिनबोभाट होतं. दोन्हीकडे झेड/ओएसच असेल तर एफटीपीचा ब्लॉक मोड आणि ईबीसीडिक (मेनफ्रेमची अक्षर-संकेतप्रणाली) वापरून टर्स टाळता येतो. मोठ्या व्हॉल्यूमसाठी आम्ही तोच रस्ता धरला.

एफटीपीच्या बॅच जॉबमध्ये पार्मला (जॉबला दिलेल्या पॅरामीटरमध्ये) एक्झिट हवाच. तो नसेल तर ट्रान्सफर अर्धवट राहूनही जॉब शून्य कोडने संपू शकतो. दुसरा त्रास फायरवॉलचा. डेटा तासभर वाहत असतो, आज्ञा नेणारं वेगळं कंट्रोल कनेक्शन मात्र गप्प असतं. पलीकडच्या नेटवर्कवाल्यांच्या फायरवॉलने ते निष्क्रिय समजून तोडलं. फाइल पूर्ण पोचलेली, जॉब मात्र फेल. एफटीपीकीपअलाइव्ह लावल्यावर हा उपद्रव थांबला.

रिस्टोअर चालवताना कन्सोलवर नजर ठेवा. एडीआर३६९डी मेसेज व्हीटॉकवर लिहायची परवानगी मागतो आणि यू किंवा टी असं उत्तर येईपर्यंत जॉब तसाच बसून राहतो. दूरवरून काम करणाऱ्याला वाटतं डिस्क संथ आहे. कॉपीव्हॉलआयडीमुळे त्याच नावाचा दुसरा व्हॉल्यूम ऑनलाइन सापडला, तर नवा व्हॉल्यूम शेवटी ऑफलाइन टाकला जातो. तो बिघाड नाही, तसंच अपेक्षित आहे.

मॉड-३ आणि मॉड-९ साठी ही पद्धत बिनधास्त घ्या. मॉड-५४ मध्ये ६५,५२० सिलिंडर, म्हणजे जवळपास ५६ जीबी. असे डझनभर व्हॉल्यूम रोज हलवायचे असतील तर मॅनेजमेंटकडे रेप्लिकेशनचे पैसे मागा. आणि सिसरेसच गेली तर हे काहीच चालत नाही, कारण अनपॅक करायलाही चालू सिस्टम लागते, आणि स्टँड-अलोन रिस्टोअरला डंप टेपवर लागतो. आम्ही दोन्हीकडे एका व्हॉल्यूमची छोटी रेस्क्यू सिस्टम ठेवली आहे. त्यात टीसीपी/आयपी आणि एफटीपी चालतं का, हे दर तिमाहीला आयपीएल करून (ती सिस्टम सुरू करून) बघतो.